सर्व्हो कुठी बसवाचा?

वऱ्हाडात एखाद्यानं रेडिओवर उडणारं विमान बनवायला घेतलं तर त्याला कोणी फारसं टोकत नाही. "पोट्टं मोठं झालं, तरी खेळूनच राह्यलं," एवढं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागतात. पण त्या विमानाला एकावर एक असे दोन पंख असले, म्हणजे ते बायप्लेन असलं, की मामला घरगुती राहत नाही. येणारा प्रत्येक माणूस आधी वरच्या पंखाकडे पाहतो, मग खालच्या पंखाकडे, मग आपल्याकडे आणि विचारतो, "यातला खरा कोंता?"

दोन्ही खरेच असतात. राईट बंधूंचं १९०३ सालचं विमानही दोन पंखांचंच होतं. लाकूड, कापड आणि तारा एवढ्याच सामानात मजबूत पंख करायचा, तर दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब उभे करायचे आणि तिरप्या तारा आवळायच्या, हा त्या काळचा सोपा उपाय. हे सगळं मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगतो. पाहुणे शेवटपर्यंत ऐकतात, कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "ते समजलं. पण वरचा कायले?"

अशा अमरावतीत मी टायगर मॉथ बनवायला घेतलं. खरं टायगर मॉथ १९३१ साली इंग्लंडात पहिल्यांदा उडालं आणि पुढे आपल्याकडच्या हवाई दलानं आणि फ्लाइंग क्लबांनी कितीतरी वैमानिक त्याच्यावर घडवले. त्याच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.९४ मीटर. माझं त्याच्या सहाव्या हिश्शाचं, म्हणजे जेमतेम दीड मीटरचं. बैठकीतल्या दिवाणावर ते बरोबर मावतं आणि मग दिवाणावर दुसरं कोणीच मावत नाही. सांगाडा तयार होईपर्यंत सगळं शांत होतं. मग एका रविवारी सर्व्होचा डबा उघडला, समोर मंडळी बसली होती, आणि प्रश्न निघाला की एलेरॉनचे सर्व्हो कुठे बसवायचे.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, बिजागरीवर हलणारी फळी. डावीकडची वर गेली की उजवीकडची खाली जाते आणि विमान डावीकडे कलतं. ही फळी हलवणारा तो सर्व्हो. काडेपेटीच्या आत बसेल एवढी प्लास्टिकची डबी. आत इवलीशी मोटर, चार-पाच गिअर आणि आपण किती फिरलो हे स्वतःलाच कळवणारं एक यंत्र. बाहेर एक छोटा हात. आपण रेडिओची काडी जेवढी हलवू तेवढाच तो हात हलतो, आणि मग गप्प बसतो. सांगितलं तेवढंच करणारा आणि वर एक शब्द न बोलणारा असा हा प्राणी वऱ्हाडात पैदा होत नाही, बाहेरूनच मागवावा लागतो.

एका पंखाचं विमान असतं तर हा प्रश्न अर्ध्या तासात संपला असता. बायप्लेनची गोष्ट वेगळी. एलेरॉन फक्त खालच्या पंखाला द्यायचे की दोन्हींना? सर्व्हो विमानाच्या पोटात ठेवायचा, की पंखात एलेरॉनपाशी, की वरच्या पंखाच्या मधोमध? दोन्ही पंखांना एलेरॉन दिले तर वरच्याला खालच्याशी काडीनं जोडायचं, की त्याला स्वतःचा सर्व्हो द्यायचा?

राईट बंधूंना ही भानगडच नव्हती. त्यांच्या विमानात वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडायचा आणि त्याच्या कमरेखाली एक सरकता पाळणा असायचा. कंबर डावीकडे नेली की तारा ओढल्या जायच्या आणि अख्खे पंखच पिळले जायचे. थोडक्यात, सर्व्हो कमरेत. पालथं पडून नुसती कंबर हलवायची असं काम जगात आहे हे आमच्याकडे वेळेवर कळलं असतं, तर विमानाचा शोध मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात लागला असता. एलेरॉनची कथा त्याहून गमतीची. मॅथ्यू पियर्स वॉट बोल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थानं त्याचं पेटंट १८६८ मध्येच घेऊन ठेवलं होतं. त्याला लावायला विमान यायला अजून पस्तीस वर्षं होती. विमान नाही पण विमानाचा कागद तयार, ही अवस्था अमरावतीकराला समजावून सांगावी लागत नाही. बेलोऱ्याच्या विमानतळाबद्दल आम्ही वर्षानुवर्षं पेपरातच वाचलं. अखेर १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं, आणि त्या दिवसापासून रविवारच्या मंडळीतले अकोल्याचे सर आमच्याशी जरा तुटक बोलतात.

सरांचं दुःख खरं आहे. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, इंग्रजांच्या काळातली. ती लांबवायचा विषय निघाला की वर्षानुवर्षं कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येऊन थांबत आला. "आमची पट्टी त्रेचाळीस सालची," सर बोटावर मोजून सांगतात. "पन्नास वर्ष मी पोट्ट्याइले शिकवलं की जो आधी आला त्याचा नंबर आधी. अन् विमान पह्यले उडालं तुमचं. हे कोन्तं शास्त्र?" यावर कोणी बोलत नाही. सर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत; त्यांच्यासमोर शास्त्र हा शब्द जपून वापरावा लागतो.

तरी दर रविवारी सर अकोल्याहून येतात. येताना ज्या रस्त्यानं येतात त्याचाही त्यांना अभिमान आहे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. सर गाडीतून उतरताना हा आकडा नेमानं सांगतात. मग दिवाणावर पडलेल्या पंखाकडे पाहतात आणि विचारतात, "अजून सर्व्होची जागा नाई ठरली?" हिवाळा असाच गेला.

सरांचा पहिला आक्षेप मूळ टायगर मॉथवरच होता. त्या विमानाला एलेरॉन फक्त खालच्या पंखाला असतात. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला फळ्या आहेत, पण त्या वेग कमी झाल्यावर आपोआप उघडणाऱ्या; कलण्या-वळण्याच्या कामात वरचा पंख हात लावत नाही. हे ऐकून सर खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे अर्ध्या पंखाले काम अन् अर्ध्याले पेन्शन?"

"सर, मूळ विमानच तसं आहे."

"मूळ विमान इंग्रजाचं हाये. त्याले काय, तो दुसऱ्याच्या जिवावर बसून खाणारा माणूस. तुमी चारही लावा."

त्यांच्या डोळ्यांपुढे पिट्स होतं. कर्टिस पिट्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९४४ मध्ये कसरतींसाठी केलेलं ते इवलंसं बायप्लेन. त्याचेही सुरुवातीचे नमुने दोनच एलेरॉनचे होते. पुढे आणखी झपकन गिरकी घेता यावी म्हणून चार आले, आणि वरचा-खालचा एका बारीक दांडीनं जोडला गेला. सरांना ती दांडी फार आवडते. मग ते पुढच्या पायरीवर गेले: दांडीही ठेवा आणि वरच्या पंखालाही सर्व्हो द्या. इथं मात्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोट्टा मध्ये पडला. हा बोलतो कमी, पण आमच्यातला खरा वैमानिक तोच. बाकीचे सगळे सल्लागार मंडळ.

"सर, दोघाइले दांडीनं बांधलं अन् दोघाइले सर्व्होही देला, तं ते भांडतीन."

हे शब्दशः खरं आहे. दोन सर्व्हो कधीच तंतोतंत सारखे नसतात. दांडीनं बांधलेले असले की एकाला वाटतं मधली जागा इथं आहे, दुसऱ्याला वाटतं तिथं. रेडिओची काडी हलवली नाही तरी दोघं एकमेकांना ढकलत राहतात, गुणगुणतात, तापतात आणि बॅटरी खातात. विमान जमिनीवर उभं आणि आत भांडण चालू. सरांनी विचार केला. "तं मंग दांडी काढा," ते म्हणाले. दांडी काढली तर वरच्या सर्व्होची वायर पंखाच्या मधल्या खांबावरून खाली आणायची, ती दिसते. पंख काढताना चार वायरी सोडायच्या, जोडताना त्यातली एक उलटी लागते. या मुद्द्यावर चार एलेरॉनचा प्रस्ताव मागे पडला. फेटाळला असं म्हणता येणार नाही. आमच्याकडे काही फेटाळलं जात नाही, पुढच्या रविवारी ठेवलं जातं.

आता उरले खालच्या पंखाचे दोन एलेरॉन, आणि खरी लढाई इथं झाली.

बडनेऱ्याचे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, एकच सर्व्हो, विमानाच्या पोटात, मधोमध. तिथून दोन्ही बाजूंना पंखाच्या आत तारेच्या काड्या न्यायच्या, एलेरॉनपाशी बेलक्रँक बसवायचा, म्हणजे काटकोनात वळलेला तुकडा, तो आडवी ओढ उभी करतो, आणि तिथून एलेरॉनला छोटी काडी. बेलक्रँक हा शब्द काका प्रेमानं उच्चारतात. रुळांचे सांधे बदलायला त्यांनी आयुष्यभर तेच वापरले. "केबिनमधी एक लिव्हर वढला की अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरचा सिग्नल पडे," ते म्हणतात. "मधात काय होतं? तार, चाकं अन् क्रँक. कोणत्या सिग्नलपाशी माणूस बसवला होता काय आम्ही? तुमी हरेक एलेरॉनपाशी माणूस बसवून राह्यले."

युक्तिवाद बिनतोड. पण काकांचा मोठेपणा असा की त्यांनीच आपल्या बाजूला पडलेली भेगही दाखवली. उन्हाळ्यात ती सिग्नलची तार तापून लांबायची. केबिनमधला लिव्हर पुरता ओढला तरी सिग्नल अर्धवटच पडायचा, म्हणून दुपारी तार आवळावी लागायची आणि रात्री परत सैल सोडावी लागायची. पोट्ट्यानं लगेच वहीत गणित मांडलं. सर्व्होच्या हाताला एक सांधा, क्रँकला दोन, एलेरॉनला एक, असे चार सांधे; प्रत्येक ठिकाणी छिद्र किंचित मोठं. सगळं मिळून एक मिलिमीटर ढिलं धरलं आणि एलेरॉनवरचा दांडा बारा मिलिमीटरचा असला, तर एलेरॉन जागच्या जागी पाच अंश डोलणार. सर्व्हो गप्प आणि एलेरॉन मनमोकळा. वेगात गेलं की अशी ढिली फळी फडफडायला लागते, आणि फडफड वाढली की पंखासकट निघते.

"म्हणून सर्व्हो एलेरॉनपाशीच पाह्यजे," पोट्टा म्हणाला. "पंखात खिडकी कापू, एका बाजूले एक, दोन इंचाची काडी, काम खतम. दोन वेगळे चॅनल देऊ, मंग रेडिओतूनच सगळं जुळवता येते."

सर इतका वेळ कसली तरी वाट पाहत होते. त्यांनी खिशातून खडू काढला. निवृत्त होऊनही त्यांच्या खिशात खडू असतो आणि आमच्या घरातली बैठकीची फरशी काळी आहे.

"श्रावणात कावड पाह्यली काय कधी?"

अकोल्याच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरून राजराजेश्वराच्या अभिषेकाला कावडी येतात, आणि मंडळामंडळांत कोणाच्या कावडीला भरणे जास्त यावर ईर्षा असते. लांब बांबू, त्याला टांगलेले पाण्याचे भरणे, खाली खांदे. "सरळ रस्त्यानं चालते बरोबर," सर फरशीवर बांबू काढत म्हणाले. "पण चौकात वळवून पाहा. टोकाचे भरणे ऐकत नाईत. मधातला माणूस वळला तरी टोक म्हणते, थांब रे बाप्पा. तुमी पंखाच्या टोकाकडे सर्व्हो टांगून राह्यले. हिशेब पाहा. मधापासून पाच सेंटिमीटरवर ठेवला तं एक. पंचेचाळीसवर ठेवला तं अंतर नऊ पट, अन् फिरवाचा जोर अंतराच्या वर्गानं वाढते. एक्याऐंशी पट!"

एक्याऐंशी हा आकडा त्यांनी फरशीवर एवढा मोठा काढला की तो पुसायला नंतर ओला फडका लागला.

पोट्ट्याचं उत्तर मला आवडलं. सर्व्हो वीस ग्रॅमचा. वीस ग्रॅमची एक्याऐंशी पट आपल्या जागी खरी, पण पंखाचं लाकूड, आवरण, खांब, तारा यांच्यापुढे ती कुठे दिसणार? आणि मुख्य म्हणजे हे टायगर मॉथ आहे. याला कुठे झपकन वळायचंय? ते वळणार म्हटल्यावर आपण चहा पिऊन यावं. "जे विमान मुळातच हळू हाये त्याले हलकं करून काय कराचं, सर?" सरांनी खडू खिशात ठेवला. ते हरले नव्हते. ते अकोल्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले होते.

एवढं सगळं शास्त्र झालं, आणि मग जिनिंगवाले भाऊ बोलले. भाऊंचं मत सर्व्होबद्दल काहीच नाही. पण विमान उडतं ते त्यांच्या शेतात, वलगावच्या पुढे. बेलोऱ्याला विमानतळ सुरू झाल्यावर आम्हाला उड्डाणाची जागा नकाशा पाहून ठरवावी लागते. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवर जायचं नाही आणि बारा किलोमीटरच्या पलीकडे ४०० फुटांवर. वलगावची बाजू शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून भाऊंचं शेत. म्हणून भाऊंना मत नसलं तरी विचारावं लागतं.

"सर्व्होचा हात कोणीकडून निंघते?" त्यांनी विचारलं.

"खालून, भाऊ. पंखाच्या पोटातून."

"मंग गेला तो."

जागतिक पुस्तकांत जे लिहिलेलं नसतं ते इथं सुरू होतं. पुस्तकांत विमान हिरवळीवर किंवा डांबरावर उतरतं. वऱ्हाडात ते पऱ्हाटीच्या धसकटांत उतरतं. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी कापून नेली, तरी जमिनीतून वीतभर खुंट वर राहतात, कडक आणि तिरपे छाटलेले. टायगर मॉथचा खालचा पंख जमिनीपासून फार उंच नसतो. त्याच्या पोटातून बाहेर आलेला सर्व्होचा हात आणि काडी त्या खुंटांना पहिल्यांदा भेटणार. काडी गेली तर ठीक. सायकलच्या जुन्या स्पोकची काडी करतो आम्ही, दोन मिलिमीटरची, मोडता मोडत नाही. पण काडी मोडत नाही म्हणून जोर सर्व्होच्या आतल्या गिअरवर जातो, आणि ते प्लास्टिकचे.

बरं, मग वरचा पंख? तिथं खुंट पोचत नाहीत. पण तिथं काळी माती पोचते. फेब्रुवारी उलटला की आमच्या जमिनीला भेगा पडायला लागतात, एप्रिलमध्ये तर त्यांत हात जातो. विमानाचं तीन इंची चाक धावताधावता भेगेत अडकलं की शेपूट वर येतं, नाक खाली जातं आणि विमान पाठीवर उलटं पडतं. बायप्लेन उलटं पडलं की सगळ्यात आधी जमिनीला लागतो तो वरचा पंख. म्हणजे सर्व्हो खाली ठेवला तर पऱ्हाटी खाते आणि वर ठेवला तर भेग खाते. पावसाळ्यात भेगा बुजतात, पण तेव्हा चाकाला लागलेली माती विमानापेक्षा जड होते, त्यामुळे तो काळ चर्चेचा.

म्हणून असं ठरलं, आणि हे पहिल्यांदाच एकमतानं ठरलं, की सर्व्हो खालच्या पंखात, पण त्याचा हात पंखाच्या पाठीवरून बाहेर काढायचा. दिसायला वाईट. टायगर मॉथवर जीव टाकणारा कोणी परदेशी माणूस हे पाहून जेवणार नाही. खऱ्या विमानाची यंत्रणा पंखाच्या खालच्या बाजूला आहे. पण त्या विमानाला वलगावला उतरायचं नव्हतं.

पंखाच्या पाठीवर कुठे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. काका पोटाकडे ओढत होते, पोट्टा टोकाकडे. तो निकाल कुरिअरनं लावला. सर्व्होची स्वतःची वायर वीस-पंचवीस सेंटिमीटरची. एलेरॉनच्या मध्यापर्यंत न्यायची तर तीस सेंटिमीटरची जोडवायर हवी. तीसची मागवली, पाकिटावर तीसच छापलेलं होतं आणि आतून पंधराची निघाली. बदलून मागवायची तर पुन्हा आठवडाभर थांबा, आणि मार्च सरत आला होता. एकदा ऊन चढलं की पंखावरचं प्लास्टिकचं आवरण सैल पडून सुरकुततं आणि रेडिओ हातात धरवत नाही. पोट्ट्यानं वायर पंखाच्या आतून ओढून पाहिली. जिथं ती संपली तिथं पेन्सिलीनं फुली मारली. फुली बरोबर एलेरॉनच्या आतल्या टोकापाशी आली. ना पोटात, ना मध्यावर.

काकांनी ती फुली बराच वेळ पाहिली. त्यांनी सगळं आयुष्य ज्या लाइनीवर काढलं तिच्याशिवाय त्यांना दुसरा नकाशा सुचत नाही. "हे बडनेरा," ते विमानाच्या पोटावर बोट ठेवून म्हणाले. मग बोट पंखाच्या टोकावर गेलं. "हे अकोला. अन् हे," बोट फुलीवर आलं, "मूर्तिजापूर."

सर खूश झाले. टोक अकोल्याला मिळालं होतं. मूर्तिजापूरही चपखल बसलं, कारण शकुंतला रेल्वेची छोटी गाडी तिथूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला फुटायची, आणि इथूनही काडी फुटून एलेरॉनला जात होती. शकुंतला बंद आहे. आमची काडी चालू. त्यानंतर या घरात सर्व्होला सर्व्हो कोणी म्हटलं नाही. "डावं मूर्तिजापूर उलटं फिरून राह्यलं," "उजव्या मूर्तिजापूरचा स्क्रू ढिला हाये," असं चाललं. शेजारच्या वहिनींनी हे भिंतीपलीकडून ऐकून मूर्तिजापूरला माहेरी फोन लावला की तिकडे काही गडबड आहे काय.

एक काम अजून होतं. टायगर मॉथसारख्या जुन्या विमानात एलेरॉन खाली गेला की तो हवेला अडवतो आणि त्या बाजूचा पंख मागे ओढला जातो. विमान डावीकडे कलतं, पण नाक उजवीकडे नेतं. खऱ्या टायगर मॉथमध्ये यावर अफलातून उपाय आहे: वर जाणारा एलेरॉन भरपूर वर जातो आणि खाली जाणारा थोडा खाली जाऊन परत जवळजवळ सरळ होतो. काकांनी हे सर्व्होच्या हाताचं छिद्र जरा तिरकं निवडून लोखंडी पद्धतीनं साधलं, पोट्ट्यानं दोन चॅनलच्या जोरावर रेडिओतून साधलं, आणि कोणीच कोणाला न सांगितल्यामुळे दोन्ही एकदम लागू झाले. खाली जाणारा एलेरॉन हललाच नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पोट्ट्यानं रेडिओतलं काढलं. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून, असं तो म्हणाला. काकांचा क्रँक अखेर विमानात शिरला हे सगळ्यांनीच पाहिलं.

भाऊंच्या शेतात सकाळी सहाला पोचलो. वारा नव्हता. पोट्ट्यानं विमान सोडलं, ते खुंटांवरून उड्या मारत गेलं आणि आपल्या चालीनं, कोणाचं कर्ज नसल्यासारखं, वर चढलं. डावीकडे सांगितलं तर डावीकडे गेलं आणि नाकही डावीकडेच गेलं. उतरताना भेगेनं चाक धरलं आणि ते ठरल्याप्रमाणे पाठीवर पडलं. वरच्या पंखाचं एक टोक चेपलं. दोन्ही मूर्तिजापूर शाबूत. सरांनी वरच्या पंखाकडे निर्देश करून म्हटलं, "पाहा, अखेर यालेही कामाले लावलं."

विमान सरळ करता करता पोट्टा म्हणाला, "मस्त उडते, पण शेपटीकडे जड वाटून राह्यलं. नाक हलकं हाये. पुढं शिसं लावा लागन." आखूड नाकाच्या जुन्या विमानांचा हा नेहमीचा रोग; समतोल पुढे आणायला नाकात वजन घालावंच लागतं. त्यासाठी टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे आणलेलेच होते. काकांनी लगेच नकाशा पुढे नेला. पोट बडनेरा, टोक अकोला, तर नाक नागपूर.

भाऊंनी शिशाचे तुकडे हातात तोलले. मग सरांकडे पाहून म्हणाले, "म्हंजे एवढा हिवाळा अमरावती-अकोला, अमरावती-अकोला करून, शेवटी वजन नागपूरलेच गेलं म्हणा."

"त्यात काय नवीन हाये?" सर म्हणाले, आणि गिला वडा कुठे खायचा यावर बोलायला लागले.